कोकणात ग्रॅव्हल सायकलचा रूट कसा काढायचा: सडा, घाटी आणि खाड्यांचा हिशोब

डिसेंबर आला की फोनवर मेसेज सुरू होतात. पुण्या-मुंबईचे मित्र, मित्रांचे मित्र, "ग्रॅव्हल बाइक घेतलीय, कोकणात यायचंय, एखादा रूट पाठव ना". ग्रॅव्हल बाइक म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी, जाड टायरची सायकल. पाठवतो मी, पण नुसती जीपीएक्स फाइल (जीपीएसवर नोंदवलेली वाट) देऊन काम होत नाही हे इतक्या वर्षांत कळलंय, कारण आमच्याकडची वाट वर्षातून तीनदा रूप बदलते, जानेवारीत मोकळी असलेली गाडीवाट नोव्हेंबरात कमरेएवढ्या गवतात असते आणि जुलैत तिच्यावरून पऱ्या, म्हणजे ओढा, वाहत असतो. म्हणून म्हटलं फाइल देण्यापेक्षा रूट काढायचा कसा हेच एकदा नीट लिहून काढू. उदाहरणं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली आहेत कारण तेवढाच भाग मी चाकाखालून घातलाय.

आधी जमीन डोक्यात बसवा, बाकी सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. समुद्राला लागून एक चिंचोळी पट्टी, तिथे वाडी, माड-पोफळीच्या बागा, देऊळ. तिथून एक घाटी उभी वर चढते, ऐंशी मीटर म्हणा, शंभर म्हणा, कुठे दीडशे, आणि वर आलं की एकदम सपाट, काळपट तांबूस जांभ्याचा सडा लागतो, लांबच लांब, झाड नाही, सावली नाही, नुसता कातळ आणि गवत आणि पश्चिमेला समुद्राची रेघ. ग्रॅव्हल सायकलसाठी कोकणात जे काही आहे ते या सड्यावर आहे. पण हा सडा सलग नाहीये. सह्याद्रीतून पश्चिमेला येणाऱ्या नद्यांनी त्याचे तुकडे पाडलेत, उत्तरेकडून मोजत आलात तर वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी खाडी. म्हणजे तुम्ही किनाऱ्याने उत्तर-दक्षिण निघालात की प्रत्येक खाडीला पार शून्यावर उतरायचं, पूल नाहीतर जेटी गाठायची आणि समोरच्या सड्यावर परत चढायचं.

त्यामुळे इथे रूट आखताना किलोमीटर नंतर बघा, आधी खाड्या मोजा. देशावर ऐंशी किलोमीटर म्हणजे काहीच वाटत नाही अशा माणसाला इथले ऐंशी दोन दिवस पाय धरायला लावतात, कारण सत्तर-ऐंशी किमीत हजार मीटर चढ सहज होतो आणि तो एका घाटात सलग नसतो, दहा-बारा घाट्यांत वाटून आलेला असतो, प्रत्येक घाटी लहान पण बारा-पंधरा टक्क्यांची, लय लागेपर्यंत संपते आणि उतरून झालं की लगेच दुसरी. माझा हिशोब असा की पहिल्यांदा येणाऱ्याने एका दिवसात दोनच मोठ्या खाड्या ओलांडायच्या. वहाळ (ओढे) आणि साकव (छोटे पूल) धरत नाही मी यात, ते असणारच. तीन खाड्या म्हणजे दमदार माणसाचा पूर्ण दिवस. आणि अजिबात खाडी नको असेल तर एकाच सड्यावर गोल फिरा, त्यातसुद्धा चाळीस किमी निघतात आणि खरं सांगायचं तर मला तीच राइड जास्त आवडते.

आता नकाशा. गुगलच्या साध्या नकाशावर सड्यावरच्या निम्म्या वाटा नसतातच, सॅटेलाइट लावा. ओपनस्ट्रीटमॅपवर काही वाटा मिळतात, स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर (लोक कुठून सायकल चालवतात त्याचा नकाशा) डांबरी किनारा रस्ता लख्ख चमकतो आणि सडा बहुतेक काळाच. म्हणजे डोळ्यानेच वाचायचं. सॅटेलाइटवर हिरव्या ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या की ती आंब्याची कलमं, आणि कलमांत शिरणारी वाट नव्वद टक्के वेळा पुढे कुठेच जात नाही, मांगर (बागेतलं खोपटं) किंवा पंपाच्या खोलीपाशी संपते. जमिनीत चौकोनी कापल्यासारखे लाल खड्डे दिसले की ती चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, तिथली वाट रुंद, आकर्षक दिसते कारण ती ट्रकची असते, आणि तीसुद्धा खाणीतच संपते. तुम्हाला हवी ती तिसरी वाट, बारीक, जराशी वाकडी, एका वाडीतून निघून दुसऱ्या वाडीत पोचणारी. जुन्या बैलगाडीच्या वाटा या. दोन्ही टोकांना घरं दिसतायत का ते बघा, दिसत असतील तर ती खरी वाट असण्याची शक्यता चांगली. विजेच्या खांबांची रांग सडा ओलांडून जात असेल तर तिच्या बाजूनेही बऱ्याचदा चालण्याजोगी वाट असते.

चिरेखाणींबद्दल जरा थांबून सांगतो कारण यात माणूस जखमी होऊ शकतो. बंद पडलेल्या खाणींना कठडा नसतो. सपाट सड्यावर तुम्ही मस्त वेगात आहात, वाट सरळ दिसतेय, आणि समोर अचानक सरळ कापलेली खोल भिंत, खाली हिरवं पाणी. गवत वाढलेलं असेल तर कड शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. गेल्या वर्षी जिथून वाट जात होती तिथे यंदा खाण असते, जुनी जीपीएस लाइन तुम्हाला थेट तिच्यात नेते. अनोळखी सड्यावर संधिप्रकाशात सायकल चालवू नका, आणि नकाशात पाच किमीच्या आत कुठे लाल चौकोन दिसला असेल तर वेग कमी ठेवा. चालू खाणीपाशी ट्रक आणि धूळ असते, तिथे उतरून बाजूला उभं राहायचं, ड्रायव्हर हात करतो, आपणही करायचा.

नकाशा झाला की माणसांना विचारायचं, आणि विचारायची एक पद्धत आहे. मी सुरुवातीला विचारायचो, "काका, इकडून पलीकडे जाता येतं का?" उत्तर कायम एकच, "जाता येतं की!" आणि ते खोटं नसतं, काका स्वतः रोज जातात, पण चालत. पूर्णगडच्या बाजूला एकदा असाच उतरलो, वाट छान होती, मग बारीक झाली, मग पाखाडी सुरू झाली, जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, एकामागून एक, संपेचनात, दुपारचा एक वाजलेला, सायकल खांद्यावर, वर चढायचीही ताकद नाही. खालून एक आजी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन येत होती, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे बाबा, ही माणसांची वाट. गाडीची वाट देवळाकडनं आहे." तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो, "एम-८० जाते का?" बजाजची ती जुनी एम-८० कोकणात मासे विकणाऱ्यांनी कुठे कुठे नेलीय त्याला तोड नाही, आणि जिथे एम-८० जाते तिथे चाळीस मिलिमीटरचा टायर जातोच. या प्रश्नाला उत्तरंही नेमकी येतात, "जाते, पण पावसात नाही", "जाते, डबल सीट नको", "जायची, आता गडगा घातलाय". शेवटचं उत्तर सगळ्यात मोलाचं, नकाशात गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, दिसत नाही.

कोणाला विचारायचं तेही सांगतो. वायरमन पहिला, त्याला प्रत्येक खांबापर्यंतची वाट माहीत असते. मग पोस्टमन, मग दुचाकीवरून मासळी घेऊन फिरणारे. रस्त्यावरच्या तरुण पोरांना विचारलंत तर ती डांबरी रस्ताच सांगतील, प्रेमाने सांगतील, पण डांबरीच. देवगड-मालवणकडे उतरलात तर "ह्यो रस्तो खंय जाता?" एवढं मालवणीत विचारून बघा, समोरचा माणूस हातातलं काम टाकून पार कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो.

बागांचं काय. कलमं म्हणजे इथल्या घराचं वर्षाचं उत्पन्न, हे डोक्यात ठेवून वागायचं. मार्च ते मे बागेतून जाणारी वाट धरूच नका, फळ झाडावर असतं, राखण असते, बऱ्याच बागांत नेपाळी गुरखे राहतात, कुत्री असतात, आणि अनोळखी माणूस आत दिसला तर त्यांनी हटकणं हे त्यांचं कामच आहे. बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, लावलेलं असेल आणि घरात कोणी असेल तर हाक मारून विचारायचं, कोणी नसेल तर मागे फिरायचं. बेडं उघडून गेलात तर मागे परत लावायचं, गुरं आत शिरली की नुकसान होतं. अजून एक, मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सकाळी बागांत औषध फवारणी चालते, पंपाचा आवाज लांबून येतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूने जायचं नाही, थांबा नाहीतर वळसा घ्या, तो वास छातीत बसला की दिवस खराब होतो.

सीझन. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, यावरून समजा. ऑगस्ट-सप्टेंबरात सडा जगातली सगळ्यात सुंदर जागा असतो, कातळावर पाण्याची डबकी, निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पण तेव्हा सायकल डांबरावर ठेवायची आणि सड्यावर पायी जायचं, कारण ओल्या कातळावरच्या शेवाळावर कुठलाच टायर धरत नाही आणि तिथली माती इतकी पातळ असते की एक चाक गेलं तरी फुलांचा पट्टा उखडतो. ऑक्टोबरचा उकाडा वाईट. नोव्हेंबरात हवा चांगली पण गवत उंच, खालचे खड्डे दिसत नाहीत. डिसेंबरपासून गवत वाळतं, कापतात, काही ठिकाणी वणवे लागतात आणि काळी राख मागे राहते, वाटा उघड्या पडतात. डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य, हे दोन महिने खरे. मार्चमध्ये सकाळी दहाला कातळ तापतो आणि खालून भाजतो, वरच्या उन्हापेक्षा ते जास्त जाणवतं.

वाऱ्याचा फायदा घ्यायला शिका. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई असते, जमिनीकडून समुद्राकडे, हलकी, गार. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो वायव्येकडून जोरात येतो. सड्यावर आडोसा नसतो त्यामुळे समोरून आला तर सपाटीवरही पहिल्या गिअरात जायची वेळ येते. म्हणून मी रूट नेहमी उत्तरेकडून दक्षिणेकडे आखतो, गुहागरहून रत्नागिरी, रत्नागिरीहून जैतापूर, देवगडहून मालवण, म्हणजे दुपारी वारा पाठीला. उलट आखून बघितलंय, तीनदा, आता नाही.

सायकलबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक फार वेळ घालवतात. टायर चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर. जांभा बघायला गोलसर वाटतो पण त्याला स्पंजसारखी भोकं असतात आणि भोकांच्या कडा धारदार, टायरची बाजू कापली जाते, म्हणून जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा सोबत ठेवा, आतून लावून घरी पोचता येतं. ट्यूबलेस करून घ्या, करवंदीच्या आणि कुंपणाच्या काट्यांची भोकं आत भरलेलं सीलंट (चिकट द्रव) परस्पर बुजवतं. माझं वजन सत्तरच्या आसपास, बेचाळीसच्या टायरला हवेचा दाब पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय ठेवतो, ट्यूब असेल तर आठ-दहा जास्त, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब दोन ठिकाणी चिमटते. गिअर हलके पाहिजेत, पुढे ४० दात असतील तर मागे ४२ पर्यंत, पुढे दोन चकत्या असतील तर ४६/३० आणि मागे ३४, एकाला एकपेक्षा हलका गिअर नसेल तर घाटीत उतरून ढकलावं लागेल, त्यातही काही वाईट नाही म्हणा. ब्रेक डिस्कच हवेत. उतारावर मुरूम असतो, गोळ्यांसारखा, चाक त्यावर घरंगळतं, तर पुढचा ब्रेक वळणाच्या आधीच मारून सोडायचा, वळणात दाबायचा नाही. ग्रॅव्हल बाइक नाही म्हणून थांबू नका, साधी हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल) किंवा चाळीसचा टायर बसणारी हायब्रिड खाली लिहिलेल्या सगळ्या ठिकाणी चालते.

छोटी पण महत्त्वाची गोष्ट, प्रेस्टा व्हॉल्व्हचा ॲडॉप्टर खिशात ठेवा. इथल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरपूर असते पण त्याची नळी मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हची, तुमच्या बारीक व्हॉल्व्हला लागत नाही. दोन रबरी प्लग, एक ट्यूब, चेनची लिंक आणि तुमच्याच सायकलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला टांगलेला असतो तो तुकडा), तो गावात मिळत नाही.

सड्यावर पाणी नाही. हे मी पुन्हा लिहितो, सड्यावर पाणी नाही, टपरी नाही, सावली नाही. तीन लिटर घेऊनच वर चढा. खाली वाडीत आलं की कुठल्याही घरी "मावशी, पाणी मिळेल का?" म्हटलं की तांब्याभर पाणी येतंच, बऱ्याचदा कोकम सरबत येतं, कुठून आलात, कोणाचे, जेवून जा, एवढं सगळं येतं, त्यामुळे वेळेच्या हिशोबात हाही वेळ धरा. खाणं सकाळी एसटी स्टँडवर उरकून घ्या, उसळ-पाव, घावणे मिळाले तर फारच छान, कारण दुपारी दोन ते चार लहान गावात सगळं बंद असतं आणि खानावळीत आधी सांगितलं नसेल तर ताट मिळेलच असं नाही. रोख पैसे सुट्ट्यात ठेवा, घाटीच्या खाली रेंज जाते आणि यूपीआय अडकतं.

फुरसं, म्हणजे विषारी साप. रत्नागिरीच्या कातळावर ते आहेच, लहानसं, मातकट, दगडाच्या रंगाचं, डिवचलं की अंगावर अंग घासून करकर आवाज करतं. विश्रांतीला बसताना दगड उचलू नका, गडग्यावर न बघता हात टेकू नका, गवतात पाय टाकायच्या आधी काठी किंवा चाक आपटा. चावलंच तर कापाकापी, आवळपट्टी, मांत्रिक काही नाही, हातपाय कमीत कमी हलवायचे, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय, लस तिथे असते. मला इतक्या वर्षांत चार-पाचदा दिसलंय, एकदाही अंगावर आलं नाही, पण एकट्याने अनोळखी सड्यावर जाताना घरच्यांना लाइव्ह लोकेशन देऊन जातो.

आता जागा सांगतो. पहिल्यांदा येणाऱ्याला मी रत्नागिरीहून दक्षिणेलाच पाठवतो. भाट्याचा पूल ओलांडला की काजळीची खाडी संपली, पुढे गोळपच्या सड्यावर चढ, डांबर आहे पण रहदारी बेताची, मग पावसला उतरायचं. पावसला चहा, स्वामी स्वरूपानंदांचा मठ तिथेच, आणि वेळ असेल तर बाजूला गणेशगुळ्याला जाऊन यायचं. पुढे पूर्णगड, किल्ला चिमुकला आहे पण मुचकुंदीचं मुख वरून असं दिसतं की अर्धा तास जातोच. पूल ओलांडून गावखडी, सुरूचं बन, आणि मग ती चढण जी सगळ्यांना आठवते. वर आलात की तुम्ही त्या मोठ्या सड्यावर आहात जो आडिवरे, कशेळीपर्यंत पसरलाय, आणि ग्रॅव्हल खरी इथून सुरू होते. आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, या दोन देवळांच्या मध्ये आणि आसपास वाडी-वाडीला जोडणाऱ्या मातीच्या वाटा इतक्या आहेत की डांबरी रस्ता डावीकडे-उजवीकडे ठेवून तुम्ही दिवसभर त्याला न लागता फिरू शकता. मुक्काम इथेच करा. दुसऱ्या दिवशी नाटे, यशवंतगड, आंबोळगडचं टोक, आणि पाय शिल्लक असतील तर पुलावरून जैतापूर. परतीचं आधी ठरवा, राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब आहे आणि संध्याकाळी ते अंतर कापताना लोक रडकुंडीला येतात, एखादा छोटा हत्ती टेम्पो ठरवलेला बरा.

याच सड्यावर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. आडिवऱ्याहून राजापूरच्या बाजूला देवीहसोळ, आर्यादुर्गेच्या देवळापाशी. बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, उत्तरेला उक्षी, जांभरूण, सिंधुदुर्गात कुडोपी, आणि गोव्यातलं पणसायमळ, ही सगळी मिळून २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हात जोडून सांगतो, सायकल रस्त्यावरच ठेवा आणि चालत जा. कोरीव रेषा बोटभर खोल असतात, कातळाच्याच रंगाच्या, कडक उन्हात तर दिसतही नाहीत, आणि चाकाखालचा मुरूम त्यांच्या कडा घासून काढतो. सगळ्या शिल्पांभोवती कुंपण नाही, नवीन सापडतायत अजून. सपाट उघड्या कातळावर वाट सोडून सायकल घालायचीच नाही हा नियम मी यासाठीच पाळतो, तुम्ही कशावरून चाललाय ते तुम्हाला माहीत नसतं. बघायचं असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना, रेषा तेव्हा उठून दिसतात.

जेटीची मजा घ्यायची असेल तर गुहागर ते रत्नागिरी. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, पुढे तवसाळ, तिथून शास्त्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडून जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. यात डांबर जास्त आहे, कच्ची वाट हेदवीच्या मागच्या सड्यावर आणि जयगडच्या आसपास, पण चढ-उतार भरपूर. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून किंवा गावात विचारून पक्क्या करा आणि शेवटच्या बोटीवर दिवस टांगू नका, कारण ती चुकली तर समोर दिसणारा किनारा गाठायला भलामोठा वळसा पडतो.

सिंधुदुर्गात माझा आवडता पट्टा देवगड ते तळाशील. तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर, मग कातवण, मिठबाव, तांबळडेग, मुणगे, आचरा, आणि आचऱ्याच्या रामेश्वराला नमस्कार करून तोंडवळी. त्यापुढे रस्ता एका वाळूच्या दांड्यावर जातो, उजवीकडे समुद्र, डावीकडे खाडी, मध्ये माडांखालून घरं, आणि तळाशीलला जमीनच संपते. वाळू मऊ आहे, टायरमधली हवा पाच पीएसआय कमी केली की बरं चालतं. त्याहून खाली परुळे, भोगवे, निवती, हाही सडा चांगला, फक्त चिपी विमानतळामुळे जुन्या काही वाटा कुंपणात गेल्यात.

पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो. ओहोटीला ओली कडक वाळू असते तेव्हाच जमतं, आणि ओहोटी कधी हे ॲप नसलं तरी काढता येतं, तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास भरती, तिच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाच-सव्वापाचला आणि संध्याकाळी पुन्हा पुळण पूर्ण मोकळी. फक्त हिवाळ्यात गुहागर, गावखडी अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, पाण्याच्या कडेनेच जायचं, वरच्या कोरड्या वाळूत सायकल न्यायची नाही.

येण्यासाठी रेल्वे बरी. सायकल लगेज व्हॅनमध्ये बुक करून टाकता येते, पार्सल ऑफिसला निदान दीड-दोन तास आधी पोचा, पेडल काढा, हँडल वळवून बांधा, डिरेलर मोठ्या दातावर ठेवा म्हणजे बाहेर कमी येतो, आणि गाडी थांबल्यावर व्हॅन कुठल्या टोकाला असेल ते आधी विचारून ठेवा, स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. चाकं काढून बॅगेत घातली तर डब्यात सीटखालीही बसते, मी तसंच करतो. मुंबई-गोवा हायवेवरून सायकलने येऊ नका, तो रस्ता ट्रकांचा आहे.

आणि घरी गेल्यावर त्याच दिवशी सायकल धुवा. जांभ्याची लाल धूळ आणि खारी हवा मिळून चेनवर जो लेप बसतो तो दोन दिवसांत गंजतो. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, मग गोडं पाणी, जोराचा पाइप हबवर किंवा बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्यांचा आस) मारायचा नाही, मग फडक्याने पुसून उन्हात अर्धा तास, मग तेल. सीटपोस्ट काढून फ्रेममधलं पाणी उलटं करून ओता, तिथून वाळूही बाहेर पडते. कपड्यांवरचा लाल रंग मात्र पहिल्या धुण्यात जात नाही, पांढरी जर्सी आणूच नका.